मीटरवर 111111 : सहा एक्के एवढे सुटे, सात एक्के घट्ट का?

फोंड्याचा_बसचालक
फोंडा–पणजी मार्गावर बस चालवतो. मंगळवारी भोम मागं टाकून बाणस्तारीच्या पुलाकडे येत होतो, मीटरवर सहाही एक्के उभे राहिले. फोटो काढायला थांबा गाठेपर्यंत 111112 झाले. संख्या मात्र डोक्यातून जाईना.

पणजीत पुढच्या फेरीला वीस मिनिटं होती. वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडले. 3 ने भाग गेला. 7, 11, 13, 37 नेही. पाचही मूळ संख्या, आणि पाचांचा गुणाकार नेमका 111111! मग एक एक्का वाढवला. 1111111 ला 200 पर्यंतच्या एकाही मूळ संख्येनं भाग जात नाही. ही मूळ संख्या धरायची का? नुसत्या एक्क्यांच्या आणखी कुठल्या मूळ असतात?

साखळीच्या_बाई
भाऊ, आणखी सहाच मूळ संख्या तपासल्या असत्या तर 239 हाती लागली असती. 1111111 = 239 × 4649.

सहा एक्के सुटतात, कारण सहाचे सारखे गट पडतात. तीन-तीनचे केले तर 111 × 1001, दोन-दोनचे केले तर 11 × 10101. म्हणून मूळ संख्या हवी तर एक्के किती, तो आकडाही मूळच लागतो. पण तेवढ्यानं भागत नाही. 3, 5, 7, 11, 13, 17 एक्के घ्या, सगळे फुटतात. दोन एक्क्यांच्या 11 नंतरची पहिली मूळ संख्या थेट एकोणीस एक्क्यांची: 1111111111111111111. मग 23 एक्क्यांची, आणि त्यानंतर एकदम 317. एकोणीस एक्के फळ्यावर लिहिले की मी मुलांना थोडा वेळ त्यांच्याकडे नुसतं बघू देते.

म्हापसेकर
111111 चा वर्ग करून बघा: 12345654321. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांच्या कुळाला डोंबिवली स्टेशनवरून ‘डेम्लो’ हे नाव दिलं.

फोंड्याचा_बसचालक
वर्ग करून पाहिला, सुरेख आहे. बाई, 17 ने मात्र कशालाच भाग जात नाही. बारा एक्क्यांपर्यंत गेलो.

साखळीच्या_बाई
जाणारच, सोडू नका. 1, 11, 111 असे अठरा एक्क्यांपर्यंत अठरा प्रवासी घ्या. 17 ने भागून उरणारी बाकी म्हणजे ज्याचं त्याचं आसन. आसनं सतराच, 0 ते 16. म्हणजे कुणीतरी दोघं एकाच आसनावर येणार. त्या दोघांची वजाबाकी केली की पुढं एक्के, मागं शून्यं, आणि तिला 17 ने भाग जातो. 10 आणि 17 यांच्यात सामाईक अवयव नाही, तेव्हा शून्यं खुशाल पुसा. उरतात ते नुसते एक्के. 2 आणि 5 सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, हेच होतं.

फोंड्याचा_बसचालक
काल रात्री जेवण झाल्यावर बसलो. सोळा एक्क्यांना बाकी शून्य आली! भागाकार 65359477124183. उलटा गुणून ताळाही पाहिला. आता 19 घेतो.