घर विकण्याआधी दर्शनी भाग सजवावा, की आहे तसेच दाखवावे?

परभणीकर (धागा सुरू करणारे)

परभणीत वडिलांनी १९८७ साली बांधलेले घर आम्ही भावंडांनी विकायला काढले आहे. चार महिन्यांत अकरा जण पाहून गेले आणि त्यांतल्या बहुतेकांचा नकार ओट्यावर चप्पल काढण्याआधीच ठरला होता, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. त्यांना दोष तरी कसा द्यावा? फाटकाचे एक कवाड बिजागरीतून निसटून जमिनीला टेकले आहे आणि ते दोन्ही हातांनी उचलल्याशिवाय उघडत नाही. कंपाउंडच्या भिंतीवर जुन्या जाहिरातींचे थर आहेत, ओट्याच्या शहाबादी फरशीच्या सांध्यांतून गवत वर आले आहे, आणि नाली तुंबल्यामुळे सांडपाणी घराच्या कोपऱ्याशी साचते. आतल्या खोल्या मात्र हवेशीर आहेत, बोअरला पाणी आहे. पण तिथपर्यंत येणारा माणूस आधीच मनातून परत फिरलेला असतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की विकणाऱ्याने आधी दर्शनी भागावर खर्च करावा. लग्नकार्य निघाले की आपण मांडव घालण्याआधी घराला रंग देतो, अंगण सारवतो. मग आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार करायला येणाऱ्या माणसासमोर मोडके फाटक का ठेवावे? वेल्डिंग, रंग, फरशीचे सांधे, नाली आणि दारावर दिवा असा माझा हिशेब ४५ हजारांपर्यंत जातो. शेवटच्या ग्राहकाने मागणीपेक्षा ३ लाख कमी सांगताना याच गोष्टी मोजून दाखवल्या. धाकट्या भावाला मात्र विकायच्या घरावर एक रुपयाही घालणे पटत नाही. दलालाचा सल्ला असा की दारातला कडुलिंब तोडावा, म्हणजे घर रस्त्यावरून दिसेल, आणि बाहेरून सगळीकडे पुट्टी मारून गडद रंग द्यावा. आपली मते कळवावीत.

काळी माती (लातूर)

मी स्थापत्य अभियंता आहे आणि घेणाऱ्यांच्या वतीने घरे तपासतो, त्यामुळे माझे मत आपल्या विरुद्ध आहे. जुन्या घराला विक्रीच्या तोंडावर दिलेला ताजा रंग पाहिला की मी अधिक बारकाईने पाहू लागतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर दरवर्षीच्या या हालचालीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपे तडे जातात. थंडीत पुट्टीने बुजवलेला तडा मे महिन्यात पुन्हा तोंड उघडतो, आणि तोवर खरेदीखत होऊन गेलेले असते. ओलीचेही तेच. जोत्यावर लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, लागलेली भिंत न वाळवता रंगवली तर एका पावसाळ्यात पोपडे सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे (मातीची सपाट छपरे) माणसांवर कोसळली, हे ज्यांनी पाहिले त्यांच्यासमोर भिंतीतला दोष रंगाखाली झाकणे मला अक्षम्य वाटते.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणे बंधनकारक आहे, आणि तो न सांगणे ही फसवणूक मानली जाते.

तडा असेल तर त्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजावे. नाली मात्र आजच दुरुस्त करा. ती शोभेची बाब नाही. काळ्या मातीत पायाशी मुरणारे पाणी म्हणजे घराचा क्षय आहे.

ओसरी (छत्रपती संभाजीनगर)

दादा, लिंब तोडू नका. पहिले म्हणजे शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. पण खरे कारण वेगळे आहे. आमचे घर आम्ही मे महिन्यात विकले. दुपारी आलेल्या कुटुंबाला मी आत न नेता आधी लिंबाखाली बाजेवर बसवले आणि रांजणातले पाणी दिले. त्यांच्यातल्या आजींनी ओट्याकडे पाहून विचारले, "कुरडया हितंच घालता का?" मी हो म्हटले. त्यांनी फरशीवरून हात फिरवला, ऊन किती वेळ राहते ते विचारले, आणि त्यानंतर घरातल्या मंडळींचा बोलण्याचा सूरच बदलला.

वरील अभियंत्यांचा मी मान राखते, परंतु घर काही एकटा अभियंता घेत नाही. घेणारे कुटुंब दारातच ठरवते की येथे आपला संसार मांडता येईल की नाही. खरखरून धुतलेला ओटा, सरळ उभे फाटक, तुळशीपुढे रांगोळी यांत लपवाछपवी कोणती? आम्ही रंगावर फार थोडा खर्च केला आणि हौद उपसून स्वच्छ केला, कारण येणारा प्रत्येक जण झाकण उघडून आत डोकावत होता. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हापासून तर घर पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. तुमच्या बोअरचे पाणी त्यांना चालू करून दाखवा.

काळी माती (लातूर)

ताईंचे लिंबाबाबतचे मत मला मान्य आहे, त्यात एक भर घालतो. झाड भिंतीच्या अगदी जवळ असेल तर त्याची मुळे पायाखालची ओल शोषतात. पण वर्षानुवर्षे उभे असलेले झाड एकदम तोडले तर तीच माती पुन्हा ओल धरून फुगू शकते आणि नवे तडे जातात. अंतर मोजून कळवा.

धाराशिवकर

मला दोन्ही बाजू दुय्यम वाटतात. घर वडिलांच्या नावावर होते ना? मग मिळकत पत्रिकेवर सर्व वारसांची नोंद झाली आहे का, ते आधी पाहा. कर्ज काढून घेणाऱ्याची बँक कागद पाहते, फाटक नव्हे. शिवाय रंगरंगोटीचा खर्च भांडवली नफ्याच्या हिशेबात सहसा धरला जात नाही, त्यामुळे त्या पावत्यांचा करात उपयोग होईल असे समजू नका.

परभणीकर

वारस नोंद झालेली आहे, बहिणीचेही नाव लागले आहे. लिंब भिंतीपासून अठरा फुटांवर आहे आणि तो राहील. दलालाला तसे कळवले.

काळी माती यांचा प्रतिसाद वाचल्यानंतर मला एक गोष्ट येथे लिहिणे भाग आहे, जी मी आधी लिहिली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तिरपा तडा आहे, नाली तुंबते त्याच कोपऱ्यात. तो पुट्टीखाली जाईल म्हणूनच दलालाचा सल्ला मला मनातून बरा वाटत होता. काल नाली मोकळी करून घेतली आणि तड्यावर काचेची पट्टी लावून शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. ती भिंत रंगवणार नाही.

फाटकाबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. वेल्डर उद्या सकाळी येतो आहे. ओट्याचे सांधे भरून झाले की येणाऱ्याला आधी लिंबाखाली बसवीन, मग बोअर चालू करीन, आणि इसार घेण्याआधी त्या पट्टीसमोर स्वतः उभा राहून तडा दाखवीन. भावाला हे पटलेले नाही. तडा दाखवल्यास आणखी दोन लाख कमी होतील असे तो म्हणतो. होऊ देत.