सात वर्षांच्या मुलीसाठी छोटा कीबोर्ड
सात वर्षांच्या मुलीसाठी ३२ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो लवकरच अपुरा पडेल, कारण ३२ पट्ट्यांत तीन सप्तके पूर्ण होत नाहीत. यामाहाच्या पीएसएस-एफ३० मध्ये ३७, तर कॅसिओच्या एसए-७६ मध्ये ४४ पट्ट्या आहेत, आणि आमच्याकडील भजनी मंडळाच्या पेटीलाही साधारण तेवढ्याच असतात. घेण्यापूर्वी सा, ग आणि प एकत्र दाबून अवश्य पाहावे. जत्रेत पुतण्यासाठी घेतलेल्या खेळण्यातून एका वेळी एकच स्वर निघत असे, आणि मी (चूक माझीच) ते आधी तपासले नव्हते.

गावातील भारनियमन पाहता साध्या पेन्सिल सेलवर चालणारे वाद्य बरे. वरील दोन्ही तशी चालतात. वीज गेल्यावर वाद्य पॉवर बँकेवर चालवावे असेही काही जण सुचवतात, परंतु अशा वाद्याला वीज इतकी कमी लागते की काही पॉवर बँका, काही जोडलेलेच नाही असे समजून, मध्येच बंद होतात. अरुंद पट्ट्या लहान बोटांना सोयीच्या असतात. मात्र मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्यांकडे वळावे लागेल. तोवर तिला तुकडोजी महाराजांनी स्थापलेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत पेटीजवळ बसू द्यावे.