घरच्या वर्कशॉपात हवेची लाईन: उरलेली पीव्हीसी चालेल काय?

खानापूर_शेड: पत्र्याची शेड 20 बाय 12 फूट, 2 एचपी कॉम्प्रेसर. पॉईंट तीन: टायर, ब्लो गन, स्प्रे पेंट. पाण्याची अर्धा इंची पीव्हीसी उरलीय. चालेल काय ओ?

उद्यमबाग_फिटर: नको. पीव्हीसी हवेच्या दाबाखाली फुटली तर काचेसारखे तुकडे उडतात. पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप) घ्या. टाकीनंतर बॉल व्हॉल्व्ह, मग दीड-दोन फूट प्रेशर होज. नाहीतर थरथरीनं पहिलाच सांधा गळतो. मेन लाईनला दर 10 फुटाला सव्वा इंच उतार, कॉम्प्रेसरपासून लांब जाणारा. पॉईंट काढताना टीचं (तीन तोंडी जोडाचं) तोंड वर ठेवा, दोन एल्बोंनी (काटकोनी जोडांनी) वळसा घेऊन खाली या. सरळ खालून काढलात की हवेतून सुटून लाईनीत साचलेलं सगळं पाणी गनमध्ये.

खानापूर_शेड: उतार दिला की पाण्याचा प्रश्न मिटला म्हणायचा?

पेंटवाला_शहापूर: तुमच्याकडच्या पावसात? नाही मिटत. गरम हवेत पाणी वाफ होऊन असतं, ते फिल्टरमध्ये अडकत नाही. पाइपात हवा गार झाली की मगच पाणी सुटतं. म्हणून फिल्टर-रेग्युलेटर (पाणी गाळणारा, दाब ठरवणारा भाग) कॉम्प्रेसरला चिकटवू नका, 25 फूट पाइपानंतर पेंटच्या पॉईंटपाशी लावा. त्या पॉईंटला ऑइलर (हवेत तेल सोडणारा भाग) अजिबात नको, तेलानं रंगात डोळे, म्हणजे गोल खड्डे पडतात. प्रत्येक उभ्या पाइपाच्या तळाला 6 इंच जादा तुकडा आणि ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी). कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं.

उद्यमबाग_फिटर: सांध्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडा, टेपची चिंधी रेग्युलेटरात अडकते. शेवटी सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती बघा.