मोनेचा सूर्य रंकाळ्यावर आणायचा तर

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्रातलं बंदर काढून तिथं कोल्हापूरचा रंकाळा तलाव आणायचा ही इथं एकानं मांडलेली कल्पना लई आवडली, पण सूर्य उठून दिसावा म्हणून त्यात पांढरा आणि लेमन यलो वाढवा असं जे सुचवलंय ते मला अजिबात पटत नाही. मूळ चित्राचा फोटो मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, सूर्य जवळपास गायबच होतोय! म्हणजे तो आभाळापेक्षा उजळ नाहीच, दोघांचा टोन जवळजवळ सारखा, फरक फक्त रंगाचा, करड्या निळ्यावर केशरी, आणि म्हणूनच तो थरथरल्यासारखा दिसतो. पांढरा घातला की ते सगळं गेलं.

मी सध्या रंकाळ्यातला दगडी संध्यामठ घेऊन असंच चित्र करतोय, तर आधी आभाळाचा करडा निळा लावतो, मग त्याच रंगाच्या वेगळ्या कागदावर केशरीचा ठिपका देऊन फोटो काढतो, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ठिपका दिसेनासा झाला की तोच रंग कॅनव्हासवर. आणि अजून एक, मोनेनं १८७२ चं ल हाव्र, म्हणजे फ्रान्समधलं ते बंदर, रंगवताना मागं क्रेन, धुराडी, धूर असं कामाचं बंदर दाखवलंय, नुसतं देखणं पाणी नाही. त्यामुळं आपल्याकडं नारळाची झाडं टाकून भागणार नाही, मी तिथं थंडीतल्या गुऱ्हाळांचा धूर घेतलाय, उसाच्या फडामागनं वर चढणारा, आणि तो निळसर करड्यात फार सुंदर मिसळतो.