ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील बेअरिंगचा कप निघत नाही

प्रश्न
जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स पूर्ण उघडला आहे. ३०२०७ क्रमांकाच्या टेपर रोलर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगचा कोन, म्हणजे रोलरसह आतली कडी, शाफ्टबरोबर निघाला, पण कप, म्हणजे बाहेरची कडी, बिडाच्या हाउसिंगमध्ये घट्ट बसलेला आहे. हाउसिंगचे भोक आरपार नसल्यामुळे मागून ठोकता येत नाही आणि पुलरचे नख अडकेल एवढीही जागा कपामागे नाही. दोन दिवस डिझेल मुरवले, गॅसच्या बर्नरने हाउसिंग बराच वेळ तापवले, तरी कप तसूभरही हलला नाही. छिन्नी मारावी, तर हाउसिंगला तडा जाण्याची भीती वाटते. काय करावे?

प्रतिसाद १
तापवण्याचा उपाय येथे का लागू पडला नाही, हे आधी पाहू. हाउसिंग ॲल्युमिनियमचे असते तर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावले असते आणि कप कदाचित आपोआप खाली पडला असता. परंतु या कपाएवढे, म्हणजे ७२ मिलिमीटर व्यासाचे बीड आणि तेवढेच पोलाद ७० अंशांनी तापले, तर दोन्ही ०.०६ मिलिमीटरच्या आसपासच वाढतात; म्हणून सावकाश तापवत राहिल्यास कपही सोबत तापतो आणि पकड होती तशीच राहते.

आपण कपाच्या आतल्या, रोलर फिरतात त्या पृष्ठभागावर आर्क वेल्डिंगचा एक पूर्ण गोल फेरा द्यावा. तापलेला कप फुगू पाहतो, पण हाउसिंग त्याला बाहेर जाऊ देत नाही. निवताना मात्र तो आत आक्रसतो आणि बहुतेक वेळा हाताने उचलता येतो. २.५ मिलिमीटरचा साधा रॉड पुरेसा आहे. कप वाया जातो, पण बेअरिंग बदलताना कप आणि कोन जोडीनेच बदलायचे असल्यामुळे त्यात नुकसान काहीच नाही.

प्रतिसाद २
वरील उपाय योग्यच आहे, मात्र अर्थिंगची क्लिप कपाजवळच हाउसिंगला लावावी. ती शाफ्टला लावल्यास विद्युतप्रवाह चांगल्या बेअरिंगमधून जाऊन त्यांच्या रोलरवर डाग पडतात. डिझेल मुरवले आहे, तेव्हा ते पूर्णपणे पुसून सुकवल्याशिवाय ठिणगी पाडू नये. उरलेली भोके पत्र्याने झाकावीत आणि वेल्डिंग हाउसिंगच्या कडेला चिकटू देऊ नये.

प्रतिसाद ३
मी आजवर ग्राइंडरने समोरासमोर दोन खाचा पाडून, छिन्नीच्या एका फटक्यात कप फोडत आलो आहे. आरपार भोकात ते जमते. बंद भोकात ग्राइंडरचा दगड तळाशी नीट पोहोचत नाही आणि भोकाला ओरखडा पडतो, म्हणून येथे मीही वेल्डिंगच सुचवेन. फोडण्याची वेळ आलीच, तर चष्मा लावावा, कारण कडक पोलादाचे तुकडे गोळीसारखे उडतात.

प्रश्नकर्ता
काल वेल्डिंगचा फेरा दिला, अर्धा तास निवू दिले आणि हाउसिंग उलटे करून लाकडी हातोड्याने दोनदा ठोकताच कप बाहेर पडला. त्याच्यामागे एक पातळ शिम (अंतर जुळवण्याची पत्र्याची चकती) निघाली.

प्रतिसाद १
ती शिम मायक्रोमीटरने मोजून जपून ठेवा, कारण बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच त्यावर दिलेला दाब, तिच्यावर ठरतो. नवीन बेअरिंग बसवल्यावर तो पुन्हा तपासावाच लागेल. नवा कप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्यास सुमारे ०.०४ मिलिमीटर आक्रसेल. जुना कप बाहेरून थोडा घासून घ्या. नवा ठोकून बसवताना वर ठेवायला तोच कामी येईल.