जँगो: गोदामातल्या मोबाइलवर उघडेना, आणि पहाटेच्या गाडीला तारीख कालची

दिवाणजी_सांगली
मंडळी, नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी आहे. आवक रजिस्टर एक्सेलमध्ये आणलं होतं, पण दोघांनी एकदम उघडलं की कुणाची तरी नोंद गायब. भाचा पुण्यात असतो, त्यानं फोनवरून जँगो सांगितलं, म्हणजे पायथन भाषेतलं वेबसाइट बनवायचं फुकट साधन. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) 'जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट आडत', मग 'स्टार्टॲप आवक'. मॉडेलमध्ये, म्हणजे नोंदीच्या साच्यात, शेतकरी, गाव, माल (राजापुरी का सेलम, हळकुंड का गड्डा), पोती, वजन, नोंदीची वेळ. पुढं 'मायग्रेट' (डेटाबेसात तक्ते बनवायला), 'रनसर्व्हर' (साइट चालू करायला), आणि ॲडमिनमध्ये, म्हणजे जँगोच्या आयत्या नोंदपानावर, फॉर्म आयता तयार! एवढ्याच फॉर्मला एका सॉफ्टवेअरवाल्यानं सांगितलेला भाव इथं लिहीत नाही, उगाच तोंड कडू होतं.

आता अडलंय ते असं. गोदामात मुकादम पोती मोजून घेतो, त्याच्या मोबाइलवरूनच नोंद व्हायला पाहिजे. वायफाय एकच आहे. दुकानातल्या मशीनवर १२७.०.०.१:८००० चालतं, तेच मोबाइलवर टाकलं तर काही उघडत नाही. भाचा म्हणतो क्लाउडवर टाक. मालक म्हणतात, शेतकऱ्याचा हिशोब दुकानाबाहेर जाणार नाही. पगार मालक देतात.

दुसरं म्हणजे, पहाटे चारला उतरलेल्या गाडीसमोर आदल्या रात्रीचे साडेदहा दिसतात. पट्टीवर तारीख चुकली तर शेतकरी ऐकून घेईल होय?

कंदीपेढा_सातारा
दिवाणजी, १२७.०.०.१ म्हणजे 'मी स्वतः'. मोबाइलवर टाकलं की मोबाइल स्वतःच्याच खिशात शोधतो. रनसर्व्हर मुद्दामच फक्त त्या मशीनपुरता चालतो. त्याला सगळ्यांचं ऐकायला लावा: 'पायथन मॅनेज डॉट पीवाय रनसर्व्हर ०.०.०.०:८०००'. मग विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' मारून मशीनचा आयपी, म्हणजे वायफायवरचा पत्ता, बघा, बहुतेक १९२.१६८ नं सुरू होणारा असेल. मोबाइलवर तो आणि पुढं :८०००.

लगेच चालणार नाही, हेही सांगून ठेवतो. 'डिसअलाउड होस्ट' म्हणून पिवळट पान येईल. घाबरू नका, म्हणजे मोबाइल दारापर्यंत पोहोचला. सेटिंग्जच्या फाइलीत अलाउड होस्ट्सच्या (चालणाऱ्या पत्त्यांच्या) यादीत तो आयपी घाला. पानही आलं नाही तर फायरवॉल पायथनला अडवतोय. राउटरमध्ये त्या मशीनला कायमचा आयपी बांधून द्या, नाहीतर एखाद दिवशी पत्ता बदलेल आणि मुकादम तुमच्या नावानं ओरडेल.

मिरज_जंक्शन
तारखेचं माझ्याकडून. स्टार्टप्रोजेक्ट सेटिंग्जची फाइल बनवतो तेव्हा त्यात टाइम झोन 'यूटीसी', म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असतो. आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. चारातून साडेपाच वजा करा, रात्रीचे साडेदहा. तिथं 'आशिया/कोलकाता' लिहा आणि सर्व्हर परत चालू करा. जुन्या नोंदींना हात लावू नका! वेळ आत यूटीसीतच साठवलेली असते, फक्त दाखवताना बदलते. हातानं दुरुस्त केल्यात तर बरोबर असलेलं चुकेल.

वजनाला कुठलं फील्ड घेतलंय? फ्लोट (अंदाजे साठवणारा अपूर्णांक) असेल तर डेसिमल (नेमका दशांश) करा. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पुढं त्यावरच तोलाई, हमाली, आडत लावणार ना?

दिवाणजी_सांगली
पिवळं पान आलं आणि गेलं. मुकादमानं गोदामातून पहिली नोंद केली, गावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, ते त्याचं त्याला समजावतो. जुन्या तारखा आपोआप सरळ झाल्या. वजन फ्लोटच होतं, बदललं.

आता एकच. काळी खिडकी मिटली की सगळं बंद. ती दिवसभर उघडी ठेवायची का?

कंदीपेढा_सातारा
रनसर्व्हर बनवतानापुरता असतो, रोजच्या कामाला वापरू नका असं जँगोवालेच लिहितात. विंडोजवर 'वेट्रेस' हा रोजच्या कामाचा सर्व्हर बसवा आणि टास्क शेड्युलरमध्ये मशीन चालू होताच सुरू व्हायला लावा. सेटिंग्जमध्ये डीबग (चुका शोधायची सोय) 'फॉल्स' करा, नाहीतर चूक झाली की सेटिंग्जचा बराचसा तपशील समोरच्याला दिसतो. ते केलं की ॲडमिन उघडंबोडकं दिसेल, रंग ना रेघा. त्याच्या सीएसएस (रंगरूपाच्या) फाइली रनसर्व्हर देत होता. त्या द्यायला 'व्हाइटनॉइज' घाला, आणि त्या एका जागी गोळा करायला 'कलेक्टस्टॅटिक' चालवा. आणि डेटाबेस म्हणजे एसक्यूलाइटची एकच फाइल आहे, दुकान बंद करताना सर्व्हर थांबवून ती पेनड्राइव्हवर घ्या.

मिरज_जंक्शन
मुकादम सुपरयुजरनं (सगळे हक्क असलेल्या खात्यानं) लॉगिन करतोय का हो? तसं असेल तर अख्खी आवक पुसायचा हक्क त्याच्या हातात आहे. वेगळा युजर काढा, 'स्टाफ' वर टिक करा आणि फक्त 'ॲड' ची, म्हणजे नवी नोंद घालायची, परवानगी द्या.

दिवाणजी_सांगली
केलं. मुकादमाला 'ॲड'. मालकांनी विचारलं, माझं काय? त्यांना 'व्ह्यू' दिलंय.