जुनी पेट्रोल गाडी पाणी लागले की बंद पडते : दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न : जुना सायलेन्सर

माझ्याकडे 1991 सालची, कार्बुरेटर असलेली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. कोरड्या रस्त्यावर तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू होते आणि चढावरही दम टाकत नाही. मात्र रस्त्यावर साचलेल्या, वीतभरही खोल नसलेल्या पाण्यातून जरा वेगात गेले की पन्नास-शंभर मीटरवर तिला धक्के बसू लागतात, मिसिंग सुरू होते आणि ती बंद पडते. त्यानंतर सेल्फ जोमाने फिरतो, पेट्रोलचा वासही येतो, पण इंजिन काही केल्या पकडत नाही. बॉनेट उघडून पाऊण तास थांबले, की काही झालेच नाही अशा थाटात चालू होते.

चमत्कारिक गोष्ट अशी की रिमझिम पावसात तासभर चालवली तरी तिला काही होत नाही, पण धुतल्यावर मात्र ती हमखास रुसते. आतापर्यंत प्लग बदलले, कार्बुरेटर उघडून साफ करून घेतला आणि एका गॅरेजच्या सल्ल्यावरून बॅटरीही नवी टाकली, फरक शून्य. आता तेच गॅरेज कॉइल, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) आणि सगळ्या वायरी एकदम बदलायला सांगत आहे. या गाडीचे सुटे भाग सहजासहजी मिळत नाहीत, त्यामुळे केवळ अंदाजावर ते बदलत बसण्याची माझी तयारी नाही. दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी शोधता येईल काय?

उत्तर 1 : दहा-बाराचा पाना

शोधता येईल, आणि त्यासाठी लागणारे मुख्य उपकरण म्हणजे झाडांवर पाणी फवारण्याची साधी बाटली.

सेल्फ जोमाने फिरतो याचा अर्थ बॅटरी ठीक आहे, आणि पेट्रोलचा वास येतो याचा अर्थ इंधन पोहोचत आहे. उरला प्लगपर्यंत जाणारा करंट. इग्निशन कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते, आणि एवढ्या दाबाच्या विजेला प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट दिसली की ती त्या वाटेने निघून जाते. शुद्ध पाणी विजेचे फार चांगले वाहक नसते. पण बॉनेटखाली वर्षानुवर्षे बसलेली धूळ, तेलाचा चिकटा आणि रस्त्यावरचे क्षार त्यात मिसळले की ते चांगलेच वाहक बनते. नव्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या स्वच्छ कॅपवर, म्हणजे झाकणावर, तेच पाणी उडाले तर इंजिन बहुधा दाद देत नाही. म्हणून पाणी कुठून येते याच्या आधी इन्सुलेशन कुठे दमले आहे हे शोधावे.

रात्री गाडी उघड्यावर उभी करा. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, सैल बाह्या आणि मफलर पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर राहतील असे पाहा, आणि इंजिन चालू असताना प्लगच्या वायरींना हात लावू नका. बॉनेट उघडून सगळे दिवे घालवा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. अनेकदा पाणी न मारताच एखाद्या वायरीच्या अंगावर निळसर प्रकाश लुकलुकताना दिसतो, किंवा बारीक टिकटिक ऐकू येते.

काहीच दिसले नाही, तर बाटलीचे तोंड अगदी बारीक फवाऱ्यावर ठेवून पाणी मारायला लागा. पण क्रम पाळा. आधी फक्त कॉइलच्या तोंडावर दोन फवारे मारून अर्धा मिनिट वाट पाहा. मग एकेक वायर, प्लगकडच्या टोकापासून सुरुवात करून. डिस्ट्रिब्युटर, ज्याला गॅरेजमध्ये डेल्को म्हणतात, तो सर्वांत शेवटी, कारण त्याची कॅप एकदा भिजली की पुढच्या कोणत्याही निष्कर्षावर भरवसा ठेवता येत नाही. ज्या फवाऱ्यानंतर इंजिन अडखळेल, तिथे दोष आहे. स्लोवर काही झाले नाही तर थोडी रेस देऊन तेच पुन्हा करा; थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतात आणि दुबळे इन्सुलेशन तेव्हाच दगा देते. प्लगची फट झिजून वाढली असली तरी हेच घडते, म्हणून नव्या प्लगांची फटही एकदा मोजून घ्या. दुकानातून आणलेल्या प्लगची फट बरोबरच असेल असे आपण सगळेच गृहीत धरतो.

मल्टिमीटरने वायरीचा रोध मोजून ती चांगली ठरवणाऱ्यांपासून सावध राहावे, हे मुद्दाम लिहितो. त्या मोजणीत वायर आतून तुटली आहे का एवढेच समजते. जेमतेम काही व्होल्टवर चालणाऱ्या मीटरला, वीस हजार व्होल्टला रबरातून होणारी गळती दिसणार कशी?

पुढची पायरी कॅप उघडण्याची. इंजिन बंद करून कॅप काढा, आतला भाग कोरड्या फडक्याने पुसा आणि विजेरी तिरकी धरून पाहा. दोन टर्मिनलांच्या मध्ये, किंवा टर्मिनलापासून कॅपच्या काठापर्यंत, टोकदार पेन्सिलीने ओढल्यासारखी वेडीवाकडी काळी रेघ दिसली, तर ती पुसायचा प्रयत्न करू नका. करंटने प्लॅस्टिक जाळून तयार केलेला तो कार्बनचा रस्ता असतो आणि पाणी वाळले तरी तो तिथेच राहतो. रेघ खरवडून काही दिवस ढकलता येतात. खरा इलाज म्हणजे कॅप आणि रोटर (कॅपच्या आत फिरून करंट वाटणारा तुकडा) ही जोडी बदलणे.

उत्तर 2 : मंद चोक

पानासाहेबांची पद्धत बिनचूक आहे, परंतु हा धागा पुढे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन वेगळ्या शक्यता नोंदवतो, कारण ओल्या हवेत बंद पडणारी प्रत्येक गाडी करंटमुळेच बंद पडते असे नाही.

थंड आणि दमट हवेत कार्बुरेटरच्या गळ्यात बर्फ धरू शकतो. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, त्यामुळे बाहेर तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही आत हवेतली वाफ गोठते. अशा गाडीचा पिकअप हळूहळू कमी होत जातो आणि ती स्लोवर आली की बंद पडते. पाच-दहा मिनिटे उभी राहिली की इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि गाडी पूर्ववत होते. डबक्याशी किंवा धुण्याशी याचा काही संबंध नसतो. एअर फिल्टरकडे गरम हवा नेणारी नळी कोणी काढून फेकली असेल, तर हा त्रास हटकून होतो.

दुसरी शक्यता टाकीत पाणी जाण्याची. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर पाऊस आत झिरपतो, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवावे. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. मूळ प्रश्नात गाडी पाऊण तासाने आपोआप सुधारते, आणि टाकीतले पाणी असे वाळून जात नाही, म्हणून ही शक्यता इथे मी बाजूला ठेवीन.

उत्तर 3 : पिस्टन आणि पाणी

एक इशारा. वरचे सगळे उपाय पाणी केवळ उडाल्यावर गाडी बंद पडते अशा प्रसंगासाठी आहेत. खोल पाण्यात शिरल्यावर इंजिन धक्के न देता एकदम थांबले, तर पुन्हा सेल्फ मारूच नये. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असू शकते, आणि पाणी दाबले जात नसल्याने वर येणाऱ्या पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर भिजला आहे का ते पाहावे. भिजला असेल तर सगळे प्लग काढून मगच इंजिन फिरवावे आणि त्या वेळी प्लगच्या भोकांसमोर कोणी उभे राहू नये. डिझेल गाडीला करंटचा प्रश्नच नसल्याने लोक तिला बिनधास्त पाण्यात घालतात. रॉड मात्र तिचाही वाकतो.

जुना सायलेन्सर (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. काल रात्री प्रयोग केला, त्याचा अहवाल देतो.

अंधारात पाच मिनिटे उभा राहिलो, काहीच दिसले नाही. कॉइलवर फवारले, इंजिन हलले नाही. पहिली आणि दुसरी वायर निर्धोक निघाली. तिसऱ्या वायरीवर पाणी पडताच, ती ज्या लोखंडी क्लिपमधून जाते तिथे निळी ठिणगी टकटक करत उडू लागली आणि इंजिन तीन पायांवर चालणाऱ्या जनावरासारखे लंगडू लागले. उतरवून पाहिले तर क्लिपच्या कडेने रबर घासून आतपर्यंत चिरले होते. वरून ती चीर मुळीच दिसत नव्हती. कॅपच्या आतही दोन टर्मिनलांमध्ये काळी रेघ सापडली, अगदी पेन्सिलीने ओढल्यासारखी. हे वर्णन वाचले नसते तर मी ती धूळ समजून पुसून टाकली असती.

कॅप, रोटर आणि चारही वायरी आता बदलणार आहे. गॅरेजचे म्हणणे दोन तृतीयांश खरे निघाले, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. कॉइल मात्र वाचली. आता एकच कोडे उरले आहे. इतके पाणी डिस्ट्रिब्युटरपर्यंत पोहोचते तरी कसे?

उत्तर 4 : दहा-बाराचा पाना

गाडीखाली वाकून पाहा. इंजिनाच्या खाली आणि चाकाच्या आतल्या बाजूला चिखलपाणी अडवणारे पत्रे किंवा प्लॅस्टिकची आवरणे असतात. ऑइल बदलताना ती उतरवली जातात आणि परत बसवायची राहून जातात. इंजिन आडवे असेल आणि डिस्ट्रिब्युटर समोरच्या जाळीकडे तोंड करून असेल, तर पाणी थेट त्याच्यावर येते. 1959 साली आलेल्या मूळ मिनी गाडीची हीच रचना होती. तिचे मालक रबरी हातमोज्याची बोटे कापून त्यांतून वायरी ओवत आणि तो मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवत. मोजा चढवायचाच असेल तर खालून हवा खेळू द्या. कॅपमध्ये ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो, आतली हवा तापते आणि निवते. सगळीकडून बंद केले तर ओल आतच कोंडते.

नव्या वायरी बसवताना रबरी टोप्यांच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या आणि वायर लोखंडाला टेकणार नाही अशी वळवा. वाटेत पुन्हा कधी बंद पडलीच, तर इंजिन बंद ठेवून कॅप आतून पुसणे पुरते. पाणी हटवणारा स्प्रे वापरला, तर तो पूर्ण उडून जाईपर्यंत सेल्फ मारू नका; तो पेट घेतो.

जुना सायलेन्सर (मूळ प्रश्नकर्ता)

खालचा पत्रा खरोखरच नाही. चार भोके आहेत आणि एका भोकात गंजलेला बोल्ट तेवढा लोंबतो आहे. पत्रा करवून घेतो. जुनी कॅप खरवडून, अडीअडचणीला म्हणून डिकीत ठेवावी काय?

उत्तर 5 : दहा-बाराचा पाना

ठेवू नका. ती तुम्ही फक्त भर पावसात, अंधारात आणि घाईत बाहेर काढाल, आणि नेमकी तेव्हाच ती चालणार नाही.